फसली सालातली दोन महायुद्धं

1914 च्या ऑगस्टमध्ये युरोपात महायुद्ध पेटलं तेव्हा बीडच्या कचेरीत 1323 फसली चालू होतं. निजामाच्या राज्यात सरकारी वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून लागायचं. दफ्तर उर्दूत होतं आणि रुपया ‘हाली’ होता. पश्चिमेला नगर जिल्ह्याची शीव ओलांडली की रुपया ‘कलदार’ व्हायचा. कायदा बदलायचा, साहेबही बदलायचा. सात हाली मोजले की सहा कलदार हातात पडायचे, साधारण असा भाव. बीडजवळच्या नारायणगडाच्या परिसरातल्या, गडाला धाकटी पंढरी मानून विठ्ठलाला हात जोडणाऱ्या शेतकऱ्याला त्या ऑगस्टमध्ये कैसरचं नाव कळायचं काही कारण नव्हतं. बाजरी निसवली की नाही, ही त्याची चिंता.

इंग्लंडात मात्र त्याच महिन्यात घरोघर कागद तयार होऊ लागला. गेल्या पन्नासेक वर्षांत तिकडे एक वाङ्मयप्रकार चांगलाच रुजलाय: कामगार घराण्याचा इतिहास, नातवानं किंवा पणतीनं लिहिलेला. पणजोबा खाणीत किंवा गिरणीत, आजोबा पहिल्या युद्धात, काका दुसऱ्यात, आजी दारूगोळ्याच्या कारखान्यात. सॅल्फर्डच्या कोपऱ्यावरच्या दुकानात वाढलेल्या रॉबर्ट रॉबर्ट्सचं ‘द क्लासिक स्लम’ 1971 मध्ये आलं. त्यानंतर ही वाट रुळली. मला ही पुस्तकं आवडतात, आणि वाचताना दर वेळी थोडा हेवाही वाटतो. त्यांनी सोसलं त्याचा नव्हे. त्यांच्याकडे जे कागद आहेत त्यांचा.

1911 च्या ब्रिटिश जनगणनेचा तक्ता घरधन्यानं स्वतःच्या हातानं भरलेला आहे. किती मुलं झाली, किती वारली, हेसुद्धा त्यात आहे. पुढे मुलगा पलटणीत गेला की त्याला नंबर मिळतो, छाती किती इंच ते लिहिलं जातं, आणि बायकोला दर आठवड्याला भत्ता पोचवायचा म्हणून तिचंही नाव सरकारदरबारी चढतं. तो मेला तर छापील फॉर्म घरी येतो, पुढे नाव कोरलेली ब्राँझची चकती येते, गावातल्या क्रॉसवर अक्षरं उमटतात. लँकेशायरमधल्या अॅक्रिंग्टन या कापडगिरण्यांच्या गावानं आपली पोरं एकाच बटालियनमध्ये भरली. 1 जुलै 1916 ला सोमच्या लढाईत, सेअर गावासमोर, सुमारे सातशे जण खंदकातून वर आले आणि अर्ध्या तासाच्या आसपास त्यातले बहुतेक मेले किंवा जखमी झाले. त्या प्रत्येकाचं नाव आज सांगता येतं. एका गल्लीतल्या कुठल्या दारांवर दुःख उतरलं याचा नकाशा काढता येतो.

गंमत म्हणजे हेही कागद पुरते वाचलेले नाहीत. पहिल्या युद्धातल्या शिपायांच्या सेवापुस्तिका लंडनच्या एका गोदामात होत्या. सप्टेंबर 1940 मध्ये जर्मन बॉम्बनी ते पेटलं आणि निम्म्याहून जास्त पुस्तिका जळाल्या; दुसऱ्या युद्धानं पहिल्या युद्धाचा पुरावा खाल्ला. 1931 ची तिकडची जनगणना 1942 मधल्या एका आगीत गेली. 1941 ची युद्धामुळे झालीच नाही. तरी माणूस सापडतोच, कारण 1939 च्या सप्टेंबरात सरकारनं ओळखपत्रं आणि रेशनसाठी घरोघर फिरून नवी नोंदवही केली होती. सैन्यात घालायचं असो की साखर मोजून द्यायची असो, सरकारला माणूस नावानिशी हवा होता.

या 1940 च्या आकाशात बीडचंही काहीतरी उडत होतं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वॉर्मवेलच्या तळावरून लढणाऱ्या स्पिटफायर विमानांच्या एका तुकडीचं नाव होतं 152 (हैदराबाद) स्क्वाड्रन. तिच्या बिल्ल्यावर निजामाचं शिरोभूषण आणि खाली इंग्रजीत ‘विश्वासू दोस्त’ अशा अर्थाचं ब्रीद. पहिल्या युद्धातही 110 व्या स्क्वाड्रनला हैदराबादचं नाव मिळालं होतं, कारण तिची विमानं निजामाच्या देणगीतून आली होती. त्या निष्ठेबद्दल 1918 मध्ये निजाम मीर उस्मान अलींना ‘एक्झॉल्टेड’ हा खास किताब आणि ‘विश्वासू दोस्त’ ही पदवी मिळाली. आता या राज्याचा पैसा यायचा कुठून? खजिन्यात असो की राजाच्या खासगीत, मुख्य झरा शेतसाऱ्याचा. गडाच्या माळावर ज्वारी-बाजरी काढणाऱ्यानं भरलेल्या हाली रुपयाचा एखादा अंश त्या विमानाच्या पंखात गेला असणार. त्याला कुणी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. एखाद्या इंग्रज लेखकानं आपल्या पायलट आजोबाबद्दल लिहिताना बीडच्या शेतकऱ्याचे आभार मानलेले माझ्या वाचनात नाहीत.

युद्धाचा इतिहास आपण शिपायाच्या खांद्यावरून बघतो. मला वाटतं, गरीब घराच्या बाबतीत ही बघायची जागाच चुकीची आहे. त्या घरात युद्ध गणवेशात येत नाही. भाव होऊन येतं, साथ होऊन येतं, कधी चलन होऊन येतं.

चलनाचंच घ्या. पहिल्या युद्धात चांदीचा तुटवडा पडला. ब्रिटिश हिंदुस्थानात 1917 च्या अखेरीस एक रुपयाची नोट निघाली आणि 1918 मध्ये हैदराबाद संस्थानानंही कागदी चलनाचा कायदा करून स्वतःच्या नोटा काढल्या. पिढ्यानपिढ्या रुपया दगडावर आपटून, कानाशी नेऊन खरा-खोटा ठरवणाऱ्या माणसाच्या हातात युद्धानं कागद ठेवला. तो वाजवायचा कसा? वर छापलेलं वाचता येणारा गावात एखादाच. पाटील-कुलकर्णी, सावकार आणि शेतकरी यांच्यातला जुना तोल अशा ठिकाणी आणखी एका बाजूला झुकतो, आणि त्याची नोंद कुठल्याच युद्धइतिहासात होत नाही.

कापूस घ्या. 1900 साली मनमाड-हैदराबाद रेल्वे सुरू झाली, औरंगाबाद, जालना, परभणी या लाइनीवर आले आणि मराठवाड्याचा कापूस जगाच्या बाजाराला बांधला गेला. बीड शहराला रेल्वे मिळाली 17 सप्टेंबर 2025 ला, म्हणजे कापसाचे भाव लिव्हरपूलच्या तारेनं हलू लागले आणि बीडकराला गाडीत बसायला आणखी सव्वाशे वर्षं लागली. 1914 च्या हंगामात जर्मनी आणि बेल्जियमचं गिऱ्हाईक तुटलं, आपल्या आखूड धाग्याच्या कापसाचे भाव कोसळले. पुढे बोटी कमी पडल्या, लँकेशायरचं कापड यायचं घटलं आणि मुंबईच्या गिरण्यांनी हात धुऊन घेतले. नफा गिरणीमालकांचा. कामगाराच्या पगाराच्या मानानं धान्य, रॉकेल, धोतर सगळंच कुठल्या कुठे गेलं. 1918 च्या शेवटी सेंच्युरी मिलमधून निघालेला संप बघता बघता शहरभर पसरला, लाखाहून जास्त कामगार बाहेर पडले. त्यात कोकणातले होते, साताऱ्याचे होते, घाटावरचे होते. अॅक्रिंग्टनचा विणकर आणि परळचा विणकर एकाच धाग्याची दोन टोकं धरून बसले होते, एवढंच की एकाला दुसरा दिसत नव्हता.

आणि साथ. 1918 च्या जूनमध्ये इन्फ्लुएंझा मुंबई बंदरात उतरला, आणि पावसाळा सरता सरता दख्खनभर त्याची दुसरी, मारक लाट आली. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला. हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या 1911 मध्ये सुमारे 1 कोटी 34 लाख होती, 1921 मध्ये 1 कोटी 25 लाखांच्या खाली आली. दहा वर्षांत वाढ तर सोडाच, 9 लाख माणसं कमी. यात प्लेग आहे, दुष्काळ आहे, पण सगळ्यात मोठा घास तापाचा. शेजारी एक वेगळा आकडा ठेवतो. जे. एम. विंटर या इतिहासकारानं दाखवलंय की पहिल्या युद्धाच्या काळात ब्रिटनमधल्या लढाईबाहेरच्या गरीब माणसाचं आयुर्मान वाढलं. काम मिळालं, मजुरी वाढली, घरात मांस-दूध आलं, सरकारनं बाळंतिणींकडे लक्ष दिलं. तिकडे घरातला तरुण खंदकात मेला पण घर थोडं सावरलं. इकडे तरुण कुठेही गेला नव्हता आणि घर आडवं झालं. या दुसऱ्या मरणाला स्मारक नाही, कारण शत्रूच्या गोळीनं न मेलेल्या माणसाचं स्मारक बांधायची रीत नाही.

आता जे लढायला गेले त्यांच्याकडे वळू. बीड जिल्ह्याचा सैन्याशी संबंध नव्हता असं नाही. अंबाजोगाई, तेव्हाचं मोमिनाबाद, ही हैदराबाद कंटिन्जन्टच्या घोडदळाची छावणी. 1903 मध्ये कंटिन्जन्ट मोडून तिची रिसाले-पलटणी हिंदी सैन्यात मिसळली. त्याच घोडदळाच्या परंपरेतल्या डेक्कन हॉर्सनं 14 जुलै 1916 ला सोमच्या हाय वुडजवळ भाले घेऊन घोडे फेकले. मशीनगनच्या जमान्यातली ती अचंब्याची गोष्ट. संस्थानाचे स्वतःचे लान्सर्स इजिप्त-पॅलेस्टाइनमध्ये होते. दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकातली एक मूर्ती हैदराबादची, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

ब्रिटिश हद्दीतल्या मराठी मुलखाचा हिशेब जास्त मोठा. सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनबरोबर 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी मेसोपोटेमियात गेल्या. डिसेंबर 1915 पासून 147 दिवस कूतला तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. अन्न संपलं तेव्हा घोडे कापले; घोड्याचं मांस खायचं की नाही यावर हिंदी शिपाई अडून बसले आणि देशातून धर्मगुरूंच्या परवानग्या मागवाव्या लागल्या. 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली. सेनापती टाउनशेंडची रवानगी इस्तंबूलजवळच्या बेटावरच्या बंगल्यात झाली, शिपाई वाळवंटातून पायी हाकले गेले. हजारो वाटेत आणि रेल्वेच्या कामावर मेले. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावातले 46 जण पहिल्या युद्धात कामी आले.

यांची नावं कुठे आहेत? बसऱ्याच्या स्मारकावर मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या 40 हजारांवर माणसांची आठवण कोरली आहे. इंग्रज शिपायांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीचं नाव आणि ‘आणखी इतके इतर हिंदी सैनिक’ असा आकडा. सुभेदाराच्या नावाखाली त्याची अख्खी कंपनी एका संख्येत मिटवलेली. राष्ट्रकुलाच्या युद्धकबर आयोगानं 2021 मध्ये अहवाल काढून ही असमान वागणूक मान्य केली आणि माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, ठीक. पण ज्याच्या नावाऐवजी आकडा कोरला, त्याच्या नातवाला आपला आजोबा त्या आकड्यातला कितवा हे कोण सांगणार?

दुसऱ्या युद्धापर्यंत गोष्टी थोड्या बदलल्या. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला इटलीत तायबरच्या खोऱ्यात मशीनगनवर एकटा चालून गेला आणि मारला गेला. संगमनेरकडच्या निमजचा नामदेव जाधव 9 एप्रिल 1945 ला सेनियो नदीवर जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन पाण्यातून परतला आणि जगला. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस. घाडगेंच्या नावाची सूर्यघटिका 2023 मध्ये इटलीतल्या मोंटोने गावात उभी राहिली. बहुतेकांच्या नशिबी हे नव्हतं. पण यादीत नाव तरी राहिलं.

सैन्याच्या कागदाची ताकद कुणाला कळली असेल तर महार समाजाला. डॉ. आंबेडकरांच्या घराण्याची कथा आजोबा मालोजींपर्यंत मागे नेता येते ती पलटणीमुळे. वडील रामजी सुभेदार, लष्करी शाळेत शिक्षक. 1890 च्या दशकात ‘लढाऊ जाती’च्या खुळापायी इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकर आणि नंतर शिवराम जानबा कांबळे अर्जावर अर्ज करत राहिले. पगार आणि मान यांच्याबरोबर शाळा, पेन्शन, अक्षर हे सगळंच त्या दाराशी अडकलेलं होतं. माणसं कमी पडली तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी केली. गरज सरली, 1921 मध्ये मोडून टाकली. पुन्हा युद्ध आलं, पुन्हा आठवण आली, आणि 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावात महार रेजिमेंट निघाली. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. पुढच्या वर्षी ते मजूरमंत्री झाले. कामगार विमा, कामाचे तास, सरकार-मालक-कामगार अशी तिहेरी बैठक, यांची पायाभरणी त्याच युद्धवर्षांत झाली आणि 1948 मध्ये कारखाने कायदा आणि ईएसआयचा कायदा आला. इंग्रज कामगाराला पहिल्या युद्धानंतर मत मिळालं आणि दुसऱ्यानंतर, जुलै 1948 मध्ये, फुकट दवाखाना. त्यानं रक्त दिलं आणि किंमत वसूल केली, असं मी म्हणेन. मुंबईच्या कामगारानं थोडी वसूल केली.

बीडला त्या जुलैत काय होतं? रझाकार होते. त्याआधीची चार-पाच वर्षं लेव्हीची. खळ्यावर धान्य आलं की सरकारी भावानं सरकारचा हिस्सा सक्तीनं द्यायचा, घरात काय उरतं ते नंतर बघायचं. मोठा जमीनदार कागद सांभाळून पोती लपवायचा आणि लहान शेतकरी पकडला जायचा. तेलंगणात या लेव्हीनं उठावाला दारू पुरवली. मराठवाड्यात माणसं कुढत राहिली, शीव ओलांडून पलीकडे गेली, पुढे मुक्तिसंग्रामाच्या छावण्यांत गेली. युद्ध कागदोपत्री 1945 मध्ये संपलं. संस्थानातल्या माणसासाठी ते 17 सप्टेंबर 1948 पर्यंत, निजाम शरण येईपर्यंत, चालूच होतं, असं मला वाटतं. बंदुका तेवढ्या बदलल्या.

अशा शेतकरी घराचा इतिहास लिहायला बसलं तर हाताशी काय येतं? जनगणनेच्या चिठ्ठ्या आकडे काढून झाल्यावर रद्दीत गेल्या. जात्यावरच्या ओव्या आहेत, पण त्यांत भाऊ आहे, विठ्ठल आहे, साल नाही. दिंडी पंढरपूरला पोचली की उपाध्यायाच्या वहीत कधी नाव चढायचं: गाव, बाप, भाऊ, मुलगे, खाली अंगठा. माझ्या मते शेतकरी घराण्यांचा हा सगळ्यात मायाळू दस्तऐवज. त्या वहीवाल्याला दक्षिणेपलीकडे तुमच्याकडून काही काढून घ्यायचं नव्हतं.

आणि मग महसुली कागद. 2024 च्या दसऱ्याला नारायणगडावर मराठा आरक्षणासाठी लढणाऱ्या मनोज जरांगे यांचा मेळावा झाला तेव्हा माळ माणसांनी भरून गेला होता. आरक्षणाच्या बाजूनं किंवा विरोधात मी इथे लिहीत नाही. मला त्यातली कागदाची भूक जास्त विलक्षण वाटते. सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकालीन कुणबी नोंदींसाठी अधिकारी हैदराबादपर्यंत जाऊन आले. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेट लागू करण्याचा शासन निर्णय निघाला. ‘नोंद सापडली का?’ हा मराठवाड्यात सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा विचारला जाणारा प्रश्न झाला. ज्या दप्तरांत लोक आजा-पणजा शोधतायत, त्यांतला मोठा भाग याच दोन युद्धांच्या आगे-मागे लिहिलेला. अॅक्रिंग्टनचा पणतू पणजोबा कुठे मेला ते शोधतो. बीडच्या पणतूला पणजोबाच्या नावापुढे कारकुनानं काय लिहिलं होतं ते हवंय. पहिल्याची हौस आहे. दुसऱ्याच्या मुलाची फी, नोकरी त्यावर अडकलेली आहे. म्हणून आपल्याकडे घराण्याचा इतिहास लिहिणारा लेखक कमी आणि झेरॉक्सच्या दुकानापुढची रांग मोठी.

त्या रांगेत आजी नसते. कागद पुरुषाकडून पुरुषाकडे चालतो. 1918 च्या तापात नवरा गेल्यावर जमीन कसून पोरं वाढवलेल्या बाईचं नाव वारसफेरात उमटलं तरी ‘अमक्याची बेवा’ म्हणून. इंग्रज शिपायाच्या बायकोला भत्त्यापायी का होईना स्वतःचं नाव मिळालं. इथे सरकारला तिला काही पाठवायचंच नव्हतं.

आणि ज्याच्याकडे जमीनच नव्हती, तो पाहणीपत्रकाच्या कुठल्या रकान्यात यावा? साऱ्याच्या वहीत सारा भरणाराच येणार. गावकुसाबाहेरच्या माणसानं युद्धाच्या वर्षांत महागाई सोसली, लेव्हीनंतर उरलेल्या धान्याची मजुरी घेतली, तापात माणसं पुरली, आणि कागदावर तो कुठेच नाही. मराठवाड्यात पुढे त्यानं गायरान कसायला घेतलं. 1978 ते 14 एप्रिल 1990 या काळातली दलित-आदिवासींची अशी अतिक्रमणं नियमित करायचं सरकारनं ठरवलं, तेव्हा त्याच्याकडेही पुरावा मागितला. कुणाकडे पावती निघाली ती दंडाची. कुणाचं नाव तलाठ्याच्या एक-ई नमुन्यात निघालं, अतिक्रमणदार म्हणून. त्या घराण्याचं सरकारी दफ्तरातलं हे पहिलं नाव, आणि सातबारासाठी त्याला तेच जपून ठेवावं लागलं.